उजव्या पायातला रबर बँड

किरकटवाडीच्या जरा पुढे माझा पलाझो सायकलच्या चेनमध्ये गेला. सकाळचे सहा वाजून गेले होते, खडकवासल्याच्या बाजूने गार वारा येत होता, मी नुकतीच लय पकडली होती, आणि एकदम उजवा पाय कुणीतरी धरून ठेवावा तसा जागीच थांबला. डावा पाय जमिनीवर टेकला म्हणून पडले नाही. पण आता ना उतरता येईना, ना पुढे जाता येईना. कापड चेन आणि दात्यांच्या मध्ये असं घट्ट चावलं गेलं होतं की ओढावं तितकं आत जात होतं.

आणि दोन बाजूंनी दोन माणसं थांबली. एक माझ्या मागून आलेले, हेल्मेट, काळा गॉगल, पोपटी जर्सी, मांडीला चिकटलेली काळी शॉर्ट, बोटभर जाडीच्या टायरची सायकल. दुसरे समोरून आलेले, कॅरिअरवर पेपरचे गठ्ठे, हँडलला दोन्हीकडे पिशव्या, अंगात स्वेटर, पायात रबरी चपला. पोपटी जर्सीवाले खाली बसले आणि म्हणाले, “पॅडल पुढे मारू नका, उलटं फिरवा. हळूहळू.” पेपरवाल्या दादांनी मागचं चाक उचलून धरलं. पॅडल उलटं फिरलं, चेन मागे सरकली आणि एकेका दात्यागणिक माझा पलाझो बाहेर आला, काळा, तेलकट, तीन भोकं पडलेला. मग पेपरवाल्या दादांनी मनगटावरच्या रबर बँडांच्या जुडग्यातून एक काढला आणि म्हणाले, “हा घाला ताई. उजव्या पायात. चेन उजवीकडंच असते.”

जर्सीवाल्यांनी स्वतःची शॉर्ट चिमटीत धरून ओढून पाहिली. ती सुटेचना. “माझी शॉर्टही हेच काम करते,” ते म्हणाले, “पायाला धरून राहायचं.” दोघांनी एकमेकांकडे पाहून हात वर केला, माझ्याकडे पाहून केला, आणि एक धरणाकडे गेला, दुसरा गावाकडे.

मला सायकलवर बसून तेव्हा अकरा दिवस झाले होते. लेक शिकायला बाहेरगावी गेली, तिची सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी तिच्यात हवा भरून घेतली, एवढीच त्यामागची हकीकत. पण त्या तीन मिनिटांनंतर माझ्या डोक्यात जे सुरू झालंय ते अजून थांबलेलं नाही. आज चार महिने होत आले. भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे, आणि आता लिहायलाच बसले.

पहिली गोष्ट म्हणजे ते हात. कुणी मला आधी का सांगितलं नाही की सायकलवरची माणसं एकमेकांना हात करतात? मी वीस वर्षं याच रस्त्यावरून स्कूटरवरून जातेय, कुणा अनोळखी स्कूटरवाल्याने मला कधी हात केलेला नाही. आणि इथे! समोरून येणारा कुणी हँडलवरून नुसती दोन बोटं उचलतो, कुणी मान झुकवतो, कुणी घंटी वाजवतो, एक पांढऱ्या टोपीतले आजोबा “माऊली!” म्हणतात, गियरवाल्या सायकलींवरची कॉलेजची पोरं “गुड मॉर्निंग काकू” असं ओरडत निघून जातात. पहिले काही दिवस मी मागे वळून पाहायचे, हा हात दुसऱ्या कुणासाठी असेल म्हणून. मग एक दिवस मीच आधी हात केला आणि समोरच्या बाई इतक्या मोकळं हसल्या की पुढची दोन किलोमीटर चढ आहे की उतार हेही मला कळलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, कपडे. मला वाटायचं, ते चकचकीत घट्ट कपडे म्हणजे हौस. चुकीचं वाटत होतं, पूर्ण चुकीचं! त्यातल्या एकेका शिवणीला कारण आहे. ते कारण कळलं की पुढचं विचारावंसं वाटतं, आणि विचारलं की समोरचा माणूस फुलतो. हे मला या चार महिन्यांत सापडलेलं सगळ्यात मोठं गुपित आहे. कुणाही सायकलवाल्याला, मग तो कुठल्याही सायकलवर असो, “हे असं का घातलंय?” एवढं मनापासून विचारून बघा.

मी विचारलं ते आधी त्या मोकळं हसणाऱ्या बाईंना. धरणाच्या भिंतीपाशी चहा घेताना. मला तेव्हा पंधरा किलोमीटरच्या पुढे बसवतच नव्हतं, सीट टोचायची. त्या म्हणाल्या, पॅडची शॉर्ट घे. मी म्हटलं, सीटवर जेलचं कव्हर घातलंय की. तर म्हणाल्या, कव्हर काढून टाक, मऊ गादीत हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर जोर येतो. भार यायला हवा तो बसताना टेकणाऱ्या दोन हाडांवर. आणि मग आवाज खाली आणून, “आणि हे बघ, आत काही घालायचं नाही.” मी बघतच राहिले. पण कारण ऐकल्यावर पटलंच. एका तासात पाय हजारो वेळा वर-खाली होतो. आतल्या कपड्याची शिवण तेवढ्या वेळा त्याच जागी घासते. पॅड मुळात त्यासाठी आहे. घर्षण टाळायचं, घाम टिपायचा, मऊपणा त्यानंतरचा. म्हणून चांगला पॅड फार जाडही नसतो.

या पॅडला सायकलवाले अजून ‘शॅमी’ म्हणतात. शॅमॉय हा युरोपातल्या डोंगरांत राहणारा, रानबकऱ्यासारखा दिसणारा प्राणी. पूर्वी त्याच्या कमावलेल्या मऊ कातड्याचा तुकडा लोकरीच्या चड्डीत आतून शिवायचे. धुतला की तो वाळून कडक व्हायचा, मग त्याला मऊ करायला मलम चोळायचे. कातडं गेलं, आता कृत्रिम धाग्याचा आणि फोमचा पॅड आला, पण नाव राहिलं आणि मलमही राहिलं, फक्त ते आता घर्षण टाळायला लावतात. आणि ती लायक्रा! ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५८मध्ये हा ताणला जाणारा धागा तयार केला. तो बायकांच्या अंतर्वस्त्रांतल्या रबराला पर्याय म्हणून शोधला गेला होता! तो आज माझ्या मांडीवर आहे आणि चेनपासून मला वाचवतोय.

शॉर्ट घेतली. घालून आरशासमोर उभी राहिले आणि दार उघडून बाहेर पडायला मला वीस मिनिटं लागली. लिफ्टमध्ये कोण भेटेल, गेटवर वॉचमन काय बघेल. शेवटी वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता घातला आणि गेले. आजही मी तशीच जाते, आणि हे मुद्दाम लिहितेय, कारण पुष्कळ जणी निव्वळ या कपड्यांच्या धास्तीने सायकलवर येत नाहीत. पॅडची शॉर्ट आत, वर सैल थ्री-फोर्थ, वर कुर्ता, चालतं! चेन तेवढी सांभाळायची. त्या बाई स्वतः घोट्यापर्यंतची टाइट घालतात, कारण एक तर ऊन आणि दुसरं म्हणजे त्यांच्या सासूबाई. हे कारणही त्यांनी कुठलाही संकोच न ठेवता सांगितलं.

मग बिब. खांद्यावरून पट्टे येणारी शॉर्ट. पोटाला इलॅस्टिक काचत नाही, पॅड जागचा हलत नाही, लांब पल्ल्याचे पुरुष तिच्यावर जीव टाकतात. पण बाईला? लघवीला जायचं तर जर्सी काढा, पट्टे उतरवा, आणि ते कुठे, तर पानशेत रस्त्यावर एखाद्या झुडपाआड! हल्ली बायकांसाठी मागून सुटणाऱ्या, चेनच्या बिब निघाल्या आहेत हे खरं, पण माझ्या ओळखीच्या बहुतेक जणी साधी कमरेची शॉर्टच घालतात. रस्त्यावर स्वच्छतागृह नाही ही गोष्ट आमच्या कपड्यांची बेतणी ठरवते, हे मला सायकलवर बसेपर्यंत सुचलं नव्हतं. कुठल्या हॉटेलात विचारलं तर किल्ली देतात, कुठल्या पेट्रोल पंपावर पाणी असतं, ही माहिती बायका एकमेकींना अशी देतात जशी माझी आजी माहेरच्या वाटेवरच्या विहिरींची द्यायची. अनोळखी बाई पहिल्याच भेटीत हे सांगते. याहून मोठं आपलेपण काय असतं?

जर्सीवर तर मी एक अख्खा लेख लिहीन. पाठीवर तीन खिसे! पुढे खिसे असते तर वाकल्यावर लोंबले असते आणि गुडघ्याला लागले असते, म्हणून मागे. मागची बाजू लांब, कारण वाकलं की शर्ट वर सरकतो आणि कंबर उघडी पडते. गळ्यापासून चेन, चढावर उघडायची, उतारावर लावायची. माझ्या डाव्या खिशात राजगिऱ्याच्या वड्या, उजव्यात केळं, मधल्यात फोन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पन्नासाची नोट. पॅडल मारता मारता, न बघता, मागे हात घालून वडी काढता येते. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला स्वयंपाकघरात उभं राहून करून दाखवलं!

सुती कपड्यावरून मात्र माझा वाद झाला. मला सुतीच आवडतं. पण चढावर घाम आला की सूत तो पिऊन धरून ठेवतं, कपडा जड होतो, अंगाला चिकटतो, आणि उतारावर वारा लागला की हुडहुडी भरते. जर्सीचं कापड घाम बाहेरच्या बाजूला ओढून पसरवतं, तो लवकर उडतो. मान्य. पण मग रोज खानापूरच्या बाजूने येणारे एक दूधवाले दादा आहेत, दोन्हीकडे किटल्या, अंगात पातळ मलमलची बंडी, गळ्यात पंचा. त्यांना विचारलं. ते म्हणाले, “आपण पळवत नाही ना ताई. हळू चाललं की बंडी भिजते आन् वाऱ्यानं गार वाटतं. अन् लई घाम आला तर पंचा हाय.” म्हणजे ज्याच्या त्याच्या वेगाला ज्याचं त्याचं कापड. पावसाळ्यात पंचा डोक्याला, हिवाळ्यात कानाला, उन्हाळ्यात मानेवर. दुकानात याच कामासाठी नळीसारखं एक ताणाचं कापड मिळतं, मानेवर घ्या, तोंडावर ओढा, डोक्याला बांधा. माझ्याकडे तेही आहे. दूधवाल्या दादांना दाखवलं तर त्यांनी हातात घेऊन ताणून पाहिलं आणि पसंत केलं, फक्त म्हणाले, “लांबीला कमी पडतंय.” खरंच पडतं. त्याची चुंबळ होत नाही.

इथून माझी नजरच बदलली. लायक्रा घातलेले आणि न घातलेले अशी दोन गावं आहेत असं मला वाटत होतं. पण सगळ्यांचे प्रश्न तेच आहेत: चेन, घाम, वारा, ऊन, अंधार. उत्तरं तेवढी निराळी. शाळेच्या मुली ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेशी गाठ मारतात, ती मागच्या चाकात जाऊ नये म्हणून. आमच्या भागात स्वयंपाकाला येणाऱ्या एक मावशी साडीवर सायकल चालवतात. लेडीज सायकल, मधला दांडा खाली वाकवलेला, म्हणजे पाय उंच न टाकता साडीत चढता येतं, मागच्या चाकावर रंगीत दोऱ्याची जाळी. मी त्यांना म्हटलं, मावशी, मला पलाझोत जमलं नाही, तुम्हाला सहा वारी साडीत कसं जमतं? त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि मला दाखवलं. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचायचा, निऱ्या थोड्या उजवीकडून डावीकडे वळवून घ्यायच्या आणि बसताना डाव्या हाताने एकदा खाली सारायच्या. “पॅडल मारताना गुडघं लई फाकायचं न्हाई.” मी चार वेळा करून बघितलं. हे ज्ञान कुठल्या दुकानात मिळणार आहे?

आणि अंधार! ही गोष्ट घडली नांदेड फाट्याच्या अलीकडे, पहाटे पाच-सव्वापाचला. टपरीवर चार-पाच जण बसले होते, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांची जॅकेटं, हेल्मेटवर दिवा, डोळे तांबारलेले, आणि दोघांच्या पायात चक्क सँडल. रात्रभर सायकल चालवून आले होते! बीआरएम म्हणतात याला. शर्यत नाही, कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. वाटेत ठरलेल्या ठिकाणी पोचलात याचा पुरावा कार्डावर घ्यायचा. नियम पॅरिसच्या १९०४ साली निघालेल्या एका क्लबचे, आणि या सगळ्याचं पंढरपूर म्हणजे पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत पॅरिसला येणं, १२०० किलोमीटर, ९० तासांत. १८९१ साली ती पहिल्यांदा झाली, आता दर चार वर्षांनी होते. मी चहाचा ग्लास हातात धरून तोंड उघडं टाकून ऐकत होते.

सँडल का? पाय सुजतात, म्हणाले. रात्रभरात पाऊल फुगतं, बुटात कोंडतं, आणि पाऊस झाला तर बूट सकाळपर्यंत वाळत नाहीत. आणि जॅकेट? मग त्यांच्यातल्या एकीने मला जे समजावलं ते मी तेव्हापासून सगळ्यांना समजावतेय. पोपटी, केशरी, भडक रंग दिवसाचा. त्या रंगात उन्हातले अदृश्य अतिनील किरण शोषून दृश्य उजेडात बदलण्याची युक्ती असते, म्हणून तो दिवसा पेटल्यासारखा दिसतो. रात्री ऊन नाही, म्हणजे तो रंग मेलेला. रात्री कामाची ती राखाडी पट्टी, जी दिवसा अगदी मळकट दिसते. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात, ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणजे थेट गाडीवाल्याच्या डोळ्यांत. आणि सगळ्यात कामाची पट्टी पाठीवरची नाही, घोट्यावरची! कारण घोटा वर-खाली हलतो. अंधारात दोन ठिपके वर-खाली होताना दिसले की ड्रायव्हरला चटकन कळतं, हा खांब नाही, माणूस सायकल चालवतोय.

त्याच टपरीवर बाकाच्या टोकाला रात्रपाळी संपवून निघालेले एक वॉचमन काका होते. गडद निळा गणवेश, काळी सायकल. मागे कॅरिअरला तारेने बांधलेली एक जुनी सीडी, गाण्यांची. “गाडीचा उजेड पडला की चमकते,” ते म्हणाले. सगळे उठून त्या सीडीभोवती जमले. रात्रभर ३०० किलोमीटर करून आलेली माणसं गुडघ्यावर बसून मोबाइलचा टॉर्च मारून बघत होती! सीडी आरशासारखी आहे, नेमक्या कोनातून उजेड पडला तरच चमकते, कडेने आला तर नाही, असं त्यांचं ठरलं. मग ज्या मुलीने मला समजावलं होतं तिने बॅगेतून जादाच्या दोन चमकत्या पट्ट्या काढल्या आणि काकांच्या पँटच्या पायावर बांधल्या, दोन्ही घोट्यांना. “काका, आता पँट चेनमध्येपण जाणार नाही.” काका निघाले तेव्हा आम्ही सगळे रस्त्यात उभं राहून बघत होतो. लांब, धायरीच्या वळणापर्यंत ते दोन ठिपके वर-खाली होत गेले.

सगळंच असं गोड घडतं असं नाही, आणि मी ते लपवणार नाही. एका रविवारी एकसारख्या जर्सीतला वीसेक जणांचा ताफा समोरून आला. मी हात केला. एकानेही केला नाही. थोड्या वेळाने तेच सगळे नाश्त्याच्या हॉटेलात भेटले. माझ्या सायकलच्या बास्केटकडे आणि कुर्त्याकडे एकाने पाहिलं आणि मान फिरवली. फार लागलं मला ते. घरी येऊन मी जर्सी कपाटात टाकली आणि दोन दिवस सायकल काढली नाही. तिसऱ्या दिवशी एका काकांना सांगितलं. या काकांविषयी पुढे सांगतेच. ते म्हणाले, “अगं, ताफ्यात चाक पुढच्याच्या चाकापासून हातभर असतं. तिथे हँडल सोडलं तर सगळे एकमेकांवर पडतील. रस्त्यावरचं मनावर घेऊ नकोस.” आणि मग थांबून म्हणाले, “हॉटेलातलं मात्र घे. ते चुकलंच त्याचं.”

मला वाटतं काकांनी अगदी बरोबर वाटणी केली. आणि मी त्यात माझं एक घालते. नीट बघितलं तर जर्सीवाला जर्सीवाल्याला आपसूक हात करतो. पेपरवाल्या दादांना तो दिसतो का? बांधकामावर डबा लटकवून निघालेल्या मजुराला कितीजण हात करतात? त्याच्यासारखा रोज, बारा महिने, सुट्टी न घेता सायकल चालवणारा आमच्यात कोण आहे? मी आता ठरवून सगळ्यांत आधी त्यांनाच हात करते. सुरुवातीला ते थबकतात, काही काम आहे का, पत्ता विचारायचाय का. आठवड्याभरात ओळख पडते. एक जण तर आता लांबूनच डबा उंचावतो!

काकांबद्दल. वय पंच्याहत्तरच्या पुढे, जुनी लोखंडी सायकल, इस्त्रीची फुल पँट आणि उजव्या घोट्याला स्टीलची गोल क्लिप. (क्लिप बघितल्यावर मी ओरडलेच, हा तर रबर बँडचा थोरला भाऊ!) पुण्याला सायकलींचं शहर म्हणत तेव्हाचे ते. तरुणपणी मुंबई–पुणे सायकल शर्यतीत उतरलेले. त्या शर्यतीत बोरघाटाच्या चढावर जो पहिला येतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. काका झाले नाहीत कधी, पण राजाच्या मागे किती होते ते त्यांना अजून पाठ आहे. त्यांनी मला घरी बोलावून लोकरीची जर्सी दाखवली, कसरीने खाल्लेली, कोपरावर काकूंनी रफू केलेली. हातात घेतली तर केवढी जड! घामाने ती आणखी जड व्हायची, खाली ओघळायची, पण ओली झाली तरी ऊब द्यायची. त्यांच्या भिंतीवर पिवळ्या जर्सीतल्या कुणा परदेशी सायकलवीराचं मासिकातून कापलेलं चित्र आहे. पिवळी का, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. फ्रान्सची ती मोठी शर्यत ज्या वर्तमानपत्राने सुरू केली त्याचा कागद पिवळा होता. १९१९ साली त्यांनी पुढे असणाऱ्याला पिवळी जर्सी दिली, यूजीन क्रिस्तोफ नावाच्या माणसाला, गर्दीत तो ओळखू यावा म्हणून. म्हणजे ही जर्सी मूळ पेपरवाल्यांचीच!

मी पिवळी जर्सी घेतली हे सांगायला नकोच. ती घालून दिवे घाट चढून सासवडवरून जेजुरीला गेले. पायरीशी भंडारा विकणाऱ्या आजी म्हणाल्या, “तुझा तर अंगरखाच मल्हारीचा.” आणि चिमूटभर भंडारा त्यांनी माझ्या कपाळाबरोबर हेल्मेटलाही लावला. तो मी अजून पुसलेला नाही.

आता शेवटचं, परवाचं. सिंहगड. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरपर्यंत नऊएक किलोमीटरचा चढ, आणि चढ म्हणजे काय चढ! काका म्हणाले, मी खाली डोणज्यात थांबतो, तू जाऊन ये. निघताना त्यांनी माझी तयारी तपासली: पाणी, वड्या, हातमोजे. (हातमोज्यांचा पॅड तळव्यातून जाणाऱ्या नसेवरचा दाब कमी करतो, नाहीतर करंगळी बधिर होते, मी अनुभव घेतलाय.) मग म्हणाले, “आणि पेपर?” मला कळेना. “उतरताना गारठशील. घामाने भिजलेली असशील, वारा छातीत भरेल. आम्ही घाट चढलो की जर्सीत पुढून पेपर सरकवायचो. तिकडे मोठमोठे वीर आल्प्सच्या माथ्यावर हेच करायचे. पेपर वारा अडवतो आणि घामही टिपतो.” पण पेपर होता कुणाकडे? आणि तेवढ्यात चौकातून घंटी वाजली. मी आधी मनगट ओळखलं, रबर बँडांचं जुडगं. किरकटवाडीचे तेच दादा! त्यांची लाइन डोणज्यापर्यंत असते हे मला माहीतच नव्हतं.

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. शॉर्ट होती, तरी सवयीने मी रबर बँड घातलेलाच होता. ते काही बोलले नाहीत, हसले. मी पेपर मागितला, कशाला ते सांगितलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी मान डोलावली. दादांनी गठ्ठ्यातून एक पेपर काढला, मग तो परत ठेवून दुसरा काढला. “हा घ्या. रविवारचा हाय, पुरवणीसकट. जाड.” पैसे देऊ लागले तर म्हणाले, “उतरून आल्यावर द्या.”

मी एकदा थांबले, दोनदा उतरून ढकलली, तिसऱ्यांदा एका वळणावर उतरणाऱ्या पाच जणांनी ओरडून सांगितलं, “थोडंच राहिलंय!” ते खोटं होतं, आणि त्या खोट्यावर मी पुढची दोन किलोमीटर काढली. वर पोचले. पार्किंगपाशी भज्यांचा घाणा नुकता पडत होता, दही विकणाऱ्या मावशी मडकी मांडत होत्या. घामाने जर्सी अंगाला चिकटली होती आणि वारा सुटला होता. मी चेन खाली ओढली, पुरवणीची घडी उलगडली, छातीवर बसवली, चेन गळ्यापर्यंत वर घेतली. दहीवाल्या मावशी बघत होत्या. “काय गं, थंडी वाजती?” “उतरायचंय मावशी.” “मग पाठीलाबी घाल की,” म्हणत त्यांनी दह्याच्या बुट्टीखालचा आणखी एक कागद काढून माझ्या मागच्या खिशांच्या आतून नीट सरकवून दिला आणि पाठीवर थाप मारली.

पहिल्याच वळणावर वारा छातीवर आदळला आणि आतला कागद फडफडला, पण आत शिरला नाही. गार हातांना लागत होतं, नाकाला लागत होतं, छाती मात्र ऊबदार. खाली धरणाचं पाणी उन्हात आलं होतं. समोरून लोक चढत होते, पोपटी, काळे, एक लुंगी गुडघ्यावर खोचलेला, एक कॉलेजची मुलगी ओढणी कमरेशी बांधलेली, आणि मला ब्रेकवरून हात काढता येत नव्हता, म्हणून मी एकेकाला मोठ्याने ओरडून सांगत होते, “थोडंच राहिलंय! थोडंच राहिलंय!”